पुळणीच्या जमिनीत खत का टिकत नाही, आणि काय केलं तर टिकेल?



पावसाळा सरला की आपल्या किनाऱ्याच्या गावांत भाजीच्या वाफ्यांची तयारी सुरू होते. लाल माठ, मुळा, नवलकोल, मिरची, चवळी, कुळीथ. यंदा त्यासोबत ग्रामसंघाच्या बैठकांत एक नवा विषय येतोय. ‘माती सुधारक’ म्हणून पिशव्या आणि बाटल्या घेऊन विक्रेते गावात फिरत आहेत. ‘वाळूत पण काळ्या मातीसारखं पीक येईल, पाणी निम्मं लागेल,’ असं सांगतात. काही समूहांनी त्यासाठी अंतर्गत कर्ज काढायचं म्हणून बैठकीत विषय मांडलाय. ‘ताई, घ्यायचं की नाही ते सांगा,’ असं मला विचारलं जातं.

हो किंवा नाही, असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. कारण माती सुधारक ही गोष्ट खोटी नाही. वाळूच्या जमिनीला त्याची गरजही आहे. प्रश्न आहे तो कुठला सुधारक, किती, आणि कुणाच्या जमिनीत. आपला समूहाचा पैसा दर आठवड्याच्या बचतीतून उभा राहिलाय, म्हणून जरा खोलात जाऊन बघू.

एका बैठकीत एक काकी म्हणाल्या, ‘पाणी घातलंय तरी खय जाता ता कळणा नाय.’ पुळणीच्या जमिनीचा सगळा प्रश्न या वाक्यात आहे. आपली तक्रार असते की जमिनीत कस नाही. पण कस घातला तरी राहत नाही, हे त्याच्या आधीचं दुखणं आहे. उपाशी माणसाला जेवण देता येतं. ज्या भांड्याला तळच नाही त्यात कितीही ओता, काय उपयोग?

वाळूचा कण मोठा असतो, ०.०५ ते २ मिलिमीटर. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक. मोठ्या कणांमध्ये फटी मोठ्या, म्हणून पाणी थांबत नाही, सरळ खाली जातं. वाळूच्या वरच्या एक फूट थरात झाडाला वापरता येईल असं पाणी दर चौरस मीटरला साधारण २० लिटर राहतं. चांगल्या पोयट्याच्या मातीत ते दुपटीहून जास्त असतं. आता फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात भाजीचं पीक एका चौरस मीटरमधून दिवसाला ४ ते ५ लिटर पाणी उडवतं. निम्मं पाणी संपलं की झाड मान टाकायला लागतं. म्हणजे वाळूत दोन दिवसांची शिदोरी, पोयट्यात चार-पाच दिवसांची. म्हणून आपल्याला रोज, कधी दोन वेळा शिंपावं लागतं.

हा हिशोब घागरीत मांडून बघा. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. रोज ५ लिटर धरले तर ५०० लिटर. १५ लिटरच्या घागरीने ३३ घागरी. ज्यांच्याकडे पंप नाही त्या बायकांच्या कंबरेवर हे सगळं येतं. त्यामुळे माती सुधारणा हा नुसता उत्पन्नाचा विषय नाही.

खताचंही तसंच. मातीच्या बारीक कणांवर आणि कुजून काळ्या झालेल्या सेंद्रिय पदार्थावर (त्याला ह्युमस म्हणतात) जणू खुंट्या असतात. पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अमोनियाच्या रूपातला नत्र, हे त्या खुंट्यांना अडकून राहतात आणि मुळं लागेल तसं काढून घेतात. वाळूच्या कणाला अशा खुंट्या जवळजवळ नाहीतच. युरिया टाकला की थोड्या दिवसांत त्याचं नायट्रेट होतं. नायट्रेट तर कुठल्याच मातीत खुंटीला अडकत नाही, पाणी जाईल तिकडे जातं. वाळूत पाणी जातं खाली, आणि खाली काय आहे? आपली विहीर. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावं असं भारतीय मानक आहे, कारण ते जास्त झालं तर तान्ह्या बाळांना धोका असतो. म्हणजे पैसे गेले, पीक पिवळं राहिलं, वर विहिरीचं पाणीही बिघडलं.

म्हणून पहिलं काम, फुकटचं: पुळणीच्या जमिनीत युरिया एकदम टाकू नका. दोन किलो द्यायचा असेल तर अर्धा-अर्धा किलो, दहा-बारा दिवसांच्या अंतराने, शेणखतात मिसळून, आणि टाकल्यावर पाट भरून पाणी न सोडता हलकं शिंपून.

पुढच्या बैठकीत करायचं प्रात्यक्षिक

सांगून पटत नाही ते बघून पटतं, म्हणून हे प्रत्येक समूहाने करावं. पाण्याच्या एक लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या. बूड कापा, बाटली उलटी धरा, तोंडाला फडक्याचा तुकडा बांधा. एका बाटलीत आपल्या वाफ्यातली कोरडी वाळू अर्ध्यापर्यंत भरा. दुसरीत तीन वाट्या तीच वाळू आणि एक वाटी चाळलेलं जुनं शेणखत मिसळून तेवढ्याच उंचीपर्यंत भरा. खाली पेला ठेवा. दोन्हींत पाव-पाव लिटर पाणी हळू ओता. ठिबकायचं थांबलं की दोन्ही पेल्यांत किती पाणी आलं ते मोजा आणि वहीत लिहा. जे पेल्यात आलं ते विहिरीत गेलं, जे आलं नाही ते झाडाचं.

मग विक्रेत्याचा माल असेल तर तिसरी बाटली लावा. वाळूत तो माल त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात घाला. एका बाटलीसाठी ते प्रमाण चिमूटभरसुद्धा येणार नाही, हे वजन करतानाच लक्षात येईल. आणि तिथेच बरंचसं उत्तर मिळेल.

त्याचं कारण असं. एका गुंठ्यातल्या वरच्या सहा इंच वाळूचं वजन साधारण २४ टन भरतं. म्हणजे २४,००० किलो. बाटलीवर ‘ह्युमिक १२ टक्के’ लिहिलं असेल तर एका लिटरमध्ये साधारण १२० ग्रॅम ह्युमिक. ती बाटली एका एकराला, म्हणजे ४० गुंठ्यांना पुरते असं सांगितलं तर आपल्या गुंठ्याला आले ३ ग्रॅम. २४ टन वाळूत ३ ग्रॅम. अशा द्रवाने मुळांना थोडी चालना मिळते, रोप लावताना उपयोग होऊ शकतो, ते मी नाकारत नाही. पण त्याने वाळूची पाणी धरायची ताकद बदलेल हे गणितात बसत नाही. तिथे वजन लागतं. घमेली लागतात.

जेलचा प्रकार थोडा वेगळा आहे. पाणी शोषून फुगणारे दाणे येतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेलं पुसा हायड्रोजेल हे त्यातलं माहितीतलं नाव. त्याचं प्रमाण हेक्टरी अडीच ते पाच किलो, म्हणजे आपल्या गुंठ्याला २५ ते ५० ग्रॅम. ते स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरतं. मिरचीच्या रोपाच्या मुळाशी घातलं तर पाण्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर थोडं वाढू शकतं. पण आपल्या किनाऱ्याला एक अडचण आहे: खारट पाण्यात जेल कमी फुगतं. एप्रिल-मेमध्ये आपल्या कितीतरी विहिरी मचूळ होतात. त्यामुळे विकत घेण्याआधी एक चिमूट जेल गोड पाण्याच्या पेल्यात आणि एक चिमूट आपल्या विहिरीच्या पाण्यात टाकून तासाभराने बघा. आणि ‘पाणी निम्मं लागेल’ हे कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. झाडाला जे ४-५ लिटर प्यायचं ते तो पिणारच. वाचतं ते फक्त खाली झिरपणारं आणि वरून उडून जाणारं पाणी. तेही काही थोडं नसतं, पण निम्मं म्हणणं हा विक्रीचा हिशोब आहे.

जिप्समबद्दलही विचारतात. जिप्सम क्षारपड, चोपण जमिनीसाठी आहे, आणि भुईमुगाला त्यातून कॅल्शियम आणि गंधक मिळतं. वाळूला पाणी धरायला तो शिकवत नाही. चुन्याचंही तसंच. कोकणातली जांभ्याची लाल माती आंबट, म्हणून तिला चुना सांगतात, आणि ते ऐकून आपण पुळणीतही टाकतो. पण किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तोच चुना आहे. मूठभर वाळूवर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर चुन्यावर एक रुपयाही घालवू नका.

मग घालायचं काय?

आपल्या दाराशी जे पडलंय त्यापासून सुरू करू.

सगळ्यात आधी शेणखत, पण कुजलेलं. कच्चं शेण वाळूत घातलं की हुमणी लागते आणि कुजताना होणाऱ्या उष्णतेने रोपं करपतात. गुंठ्याला २०० ते २५० किलो घाला. एवढं शेण आता घरोघरी नाही, हे मला माहीत आहे. गुरं कमी झालीत. म्हणून आहे ते सगळ्या जमिनीवर पसरण्यापेक्षा वाफ्याच्या वरच्या चार-सहा इंचांतच मिसळायचं, वाटेवर नाही. वेलभाज्यांना तर फक्त आळ्यात.

दुसरं, आणि माझ्या मते आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे काथ्याचा भुसा. सोडणातून काथ्या काढल्यावर जो तपकिरी चुरा उरतो तो. काथ्या केंद्रांच्या मागे त्याचे ढीग पडलेले असतात, पावसात भिजतात, कुणी पेटवूनही देतं. हाच चुरा दाबून, विटा करून शहरात ‘कोकोपीट’ म्हणून विकला जातो. आपल्या वजनाच्या पाच ते आठ पट पाणी तो धरतो. पण कच्चा वापरायचा नाही. त्याची दोन कारणं आहेत.

एक, मीठ. सोडणं खाडीच्या पाण्यात भिजवलेली असतील तर भुशात खार असतो. गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, निथळून घ्यायचा. पावसाळाभर उघड्यावर पडलेल्या ढिगातला वरचा भुसा बराच धुतलेला असतो, तो आधी उचला.

दुसरं, त्यात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी, नत्राच्या एका भागाला कर्बाचे शंभराहून जास्त भाग. असा भुसा मातीत गेला की तो कुजवणारे जीवाणू स्वतःच्या पोटासाठी मातीतला नत्र ओढून घेतात आणि आपली भाजी पिवळी पडते. मग आपण म्हणतो भुसा वाईट. भुसा वाईट नाही, तो शिजवल्याशिवाय वाढला.

शिजवायची पद्धत अशी. सावलीत, जरा उंच जागी १० किलो भुशाचा थर पसरा, त्यावर धिंगरी अळंबीचं थोडं बियाणं भुरभुरा. वर पुन्हा १० किलोचा थर, त्यावर १०० ग्रॅम युरिया. असे आलटून-पालटून दहा थर. एकूण भुसा १०० किलो, युरिया अर्धा किलो, अळंबीचं बियाणं साधारण २०० ग्रॅम. पाणी इतकंच मारायचं की मुठीत दाबलं तर बोटांतून एखादा थेंब यावा. वरून झावळ्यांनी झाकायचं. साधारण दोन महिन्यांत भुसा काळसर होतो, ढीग बसतो, हाताला मऊ लागतो. युरिया वापरायचा नसेल तर गिरिपुष्पाचा पाला आणि शेणाचा काला थराथरांत घाला, वेळ थोडा जास्त लागेल. झालं की नाही हे बघायला दोन करवंट्या घ्या, एकीत वाफ्यातली वाळू, दुसरीत भुशाचं खत आणि वाळू निम्मी-निम्मी. दोन्हींत दहा-दहा चवळीचे दाणे पेरा. खताच्या करवंटीत उगवण कमी दिसली तर अजून मीठ आहे किंवा कुजायचं आहे. थांबा.

ज्यांच्याकडे माड आहेत त्यांनी सोडणं जाळू नयेत. केरळमधल्या कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेची जुनी शिफारस आहे की माडाच्या आळ्यात चर खणून सोडणांचे थर पुरावेत, खोलगट बाजू वर करून, एका माडाला साधारण १०० सोडणं. खोलगट बाजू वर म्हणजे प्रत्येक सोडण एक वाटी झालं, पाणी धरून ठेवणारं. पाच-सात वर्षं ती काम देतात. हेच आपण पडवळ, दुधी, कारल्याच्या आळ्यात करू शकतो. दीड फूट खोल खड्डा, तळाला सोडणांचा एक थर, वर शेणखत-भुशाचं खत आणि वाळू. ज्या घरात नारळ फुटतो त्या घरात हा सुधारक फुकट आहे. उलट, सोडणं जमिनीवर आच्छादन म्हणून ठेवायची असतील तर खोलगट बाजू खाली. नाहीतर त्या वाट्यांत पाणी साचून डास होतात.

तिसरा कोळसा. तुम्ही म्हणाल, राब तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भाजतो. राबात आणि यात फरक आहे. राब उघड्यावर जळतो, शेवटी राख उरते. राखेत पोटॅश असतं, पण पहिल्या पाण्यासरशी वाळूतून निघून जातं. भाताचं तूस किंवा करवंट्या हवा कमी लागेल अशा रीतीने, खड्ड्यात किंवा डब्यात झाकून धुमसवल्या आणि राख व्हायच्या आत पाण्याने विझवल्या तर काळा, हलका, छिद्रांचा कोळसा मिळतो. तो वर्षानुवर्षं कुजत नाही. त्याच्या छिद्रांत पाणी आणि खत अडकतं. मात्र कोरडा कोळसा सरळ वाफ्यात घालू नका, आधी तो स्वतःचं पोट भरतो. पंधरा दिवस गोमूत्रात किंवा शेणाच्या काल्यात भिजवून, मग शेणखतात मिसळून द्या. धूर डोळ्यांना आणि छातीला लागतो, म्हणून हे काम घरात किंवा पडवीत नको, मोकळ्यावर आणि वाऱ्याच्या पाठीशी उभं राहून.

चौथं माती. हो, वाळूत माती घालायची. गोड्या पाण्याच्या तलावातला गाळ किंवा शेताच्या कडेची चिकणमाती एकदा घातली की ती कुजून संपत नाही, कायमची आपली होते. एका गुंठ्यावर एक इंच थर द्यायला जवळपास एक ब्रास माती लागते. खर्च आहे तो वाहतुकीचा. तलावातला गाळ काढायच्या सरकारी कामात गाळ शेतासाठी मिळू शकतो, ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: खाडीचा गाळ. दिसायला काळाभोर, मऊ, मोह होतो. पण त्यात मीठ असतं, आणि हवा लागल्यावर काही गाळ इतका आंबट होतो की गवतही उगवत नाही.

आता एक कडू गोष्ट. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर दमट उष्मा. अशा हवेत शेणखत-पालापाचोळा भराभर कुजून संपतो. विदर्भातल्या मैत्रिणीने एकदा घातलेलं खत जेवढं टिकेल तेवढं आपलं टिकणार नाही. म्हणून सेंद्रिय पदार्थ दरवर्षी घालावाच लागतो, आणि एकदम डोंगर घालण्यापेक्षा प्रत्येक पिकाआधी थोडा-थोडा बरा. पावसाळ्यात जमीन उघडी ठेवू नका. पाणी साचत नाही अशा पुळणीत जूनमध्ये ताग पेरा आणि फुलोऱ्याला येताच, साधारण ४५-५० दिवसांनी, गाडा. जिथे थोडा खार आहे, पाणी साचतं, तिथे धैंचा. पातेरा आणि पेंढा वाफ्यावर दोन-तीन बोटं जाड अंथरा. आच्छादनाने ऊन थेट वाळूला लागत नाही. दुपारी पुळणीवर अनवाणी चाललेल्या बाईला मुळांचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

जीवामृताबद्दल प्रत्येक प्रशिक्षणात विचारतात. जीवामृत चांगलं, पण ते विरजण आहे. विरजण लावायला आधी दूध हवं. वाळूत सेंद्रिय पदार्थच नसेल तर नुसतं जीवामृत शिंपून ते जीव खाणार काय? शेणखत, पाला, भुसा घातल्यावर द्या.

एक वाफा कोरा ठेवा

पिशवी घ्यायची की नाही, हे मी किंवा विक्रेत्याने ठरवू नये. तुमच्या वाफ्याने ठरवावं. प्रत्येक समूहातल्या एका ताईने दहा फूट लांब, तीन फूट रुंद असे चार वाफे करायचे. पहिल्यात काहीच नाही, कोरा. दुसऱ्यात सहा किलो शेणखत. तिसऱ्यात तीन किलो शेणखत आणि तीन किलो कुजवलेला काथ्याचा भुसा. चौथ्यात विक्रेत्याचा नमुना, त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात. नमुना फुकट मागा. मालावर विश्वास असेल तर देतील. चारही वाफ्यांत एकाच दिवशी तेवढंच लाल माठाचं बी आणि तेवढ्याच झारी पाणी. लाल माठ महिन्याभरात निघतो म्हणून तो घेतला. काढणीला प्रत्येक वाफ्याचं वजन करा, जुड्या मोजा, आणि समोर त्या वाफ्यावर आलेला खर्च लिहा. कोरा वाफा ठेवायला जिवावर येतं, मला कळतं. पण तो नसेल तर वाढ कशाने झाली ते कधीच कळणार नाही. पाऊस, थंडी, बी, सगळ्याचं श्रेय पिशवीला जाईल.

या चार वाफ्यांचा आकडा हातात आल्याशिवाय माती सुधारकासाठी कर्जाचा ठराव करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि घेतलंच तर पक्की पावती, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि घटकांचं प्रमाण छापलेलं हवं. खत नियंत्रण आदेश १९८५ खाली खतं येतात, आणि २०२१ पासून जैव-उत्तेजक म्हणून विकली जाणारी द्रावणंही त्यात आणली आहेत. पावती नसेल तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करायला आपल्या हातात काही राहत नाही.

माती तपासणीही याच महिन्यात करा. वाफ्यात पाच-सहा ठिकाणी वीत-वीत खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, बाजूची माती खरवडून एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जायचे, शेवटी अर्धा किलो. खत घातल्यानंतर लगेच नमुना घेऊ नका. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा आकडे येतात, ते बघून घाबरायचं कारण नाही. पुळणीच्या जमिनीसाठी तीन आधी बघा. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर कमी. विद्युत वाहकता १ च्या वर जात असेल तर खार वाढतोय. सामू ७.५ च्या वर असेल तर चुना विसरा. कृषी सखीला पत्रिका दाखवा. मालवण तालुक्यातल्या ताईंना किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारता येईल.

जमीन कुणाची, यावर माल ठरवा

आता ते बोलू जे प्रशिक्षणात बोललं जात नाही. आपल्यापैकी कितीतरी जणी भाजी करतात ती दुसऱ्याच्या पुळणीत. मालक मुंबईत, जमीन पडून, ‘करा गे भाजी’ असं तोंडी सांगणं. एक हंगाम, फार तर दोन. कागद मागितला तर मालक बिचकतो, कारण १९४८ च्या कूळ कायद्याची आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाची आठवण कोकणातल्या घरांत अजून ताजी आहे. कूळ लागेल या भीतीने जमीन ओस ठेवणारे आहेत. आणि वाळू सुधारायला लागतात दोन-तीन वर्षं. मग असंही होतं की बाईने घमेली वाहून वाफा काळा केला, भाजी दिसायला लागली, आणि तिसऱ्या वर्षी जमीन मागे घेतली गेली. आपल्याच प्रभागात हे झालेलं आहे.

त्यामुळे कुठला सुधारक घालायचा हे मातीइतकंच त्या जमिनीवरच्या मुदतीवर ठरवा. जमीन एका हंगामापुरती असेल तर त्यात ब्रासने माती घालू नका, कर्ज काढून तर नाहीच. तिथे आच्छादन, थोडं-थोडं खत, आणि वेलभाज्यांच्या आळ्यांपुरतंच शेणखत. जुन्या पोत्यांत भुशाचं खत आणि वाळू भरून मिरची-वांगी लावली तर जमीन सोडताना पोती उचलून नेता येतात, हे एका समूहाने करून दाखवलंय. दोन-तीन वर्षांची शाश्वती असेल तर ताग, काथ्याचा भुसा, दरवर्षीचं शेणखत. कोळसा आणि चिकणमाती ही कायमची गुंतवणूक. ती स्वतःच्या परड्यात, माडाखाली, जिथून कुणी उठवणार नाही तिथे.

आणि परडं स्वतःचं असलं तरी सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे ते एकदा बघून घ्या. समूहाच्या पैशाने मालकाच्या किंवा दिराच्या नावावरची जमीन सुधारायची असेल तर घरात आधी बोलणं झालेलं बरं: पिकाचे पैसे कुणाच्या खात्यात येणार, वाफा किती वर्षं तुमच्याकडे राहणार, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात कुणाला आधी. दोघं-तिघं मोठी माणसं समोर बसवून बोला आणि ठरलं ते समूहाच्या इतिवृत्तात लिहून घ्या. तो कागद कोर्टात नेण्यासाठी नाही. कर्जाचा हप्ता फेडणारी तुम्ही आहात हे घरातल्या आणि समूहातल्या सगळ्यांना माहीत असावं, एवढ्यासाठी.

काथ्याचा भुसा एकत्र आणायचा असेल तर ग्रामसंघाने मागणी एकत्र करून या महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे द्यावी. एका समूहाने टेम्पो करणं परवडत नाही, चार समूहांनी मिळून केला तर परवडतो. धुण्यासाठी गोडं पाणी आणि सावलीची जागा कुठल्या वाडीत आहे, तेही मागणीसोबत कळवा.